मनोहरच्या गाडीतला पिवळा दिवा

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी मोरीत उभा राहून मेथी धूत होतो. शनिवार होता. शनिवारी सकाळी तिचा फोन म्हणजे तिच्या वडिलांचा, आमच्या मनोहरचा निरोप, की तयार राहा, कुहीला निघायचं आहे. मनोहरला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून फोन लेकीनं करायचा. त्यामुळे ती काही बोलायच्या आतच मी सांगून टाकलं, की त्याले म्हणा पाच मिनिटांत येतो. ती म्हणाली, "काका, बाबा उठलेच नाहीत. पहाटे झोपेतच..." आणि मी मूर्खानं काय विचारावं? "मग आज कुहीले जायचं नाही का?" पाच आठवडे झाले, त्या प्रश्नाची लाज अजून गेलेली नाही.

मी गांधीबागेत चाळीस वर्षं गिऱ्हाइकांसमोर कापडाचे तागे उलगडले. बोलणं हाच माझा धंदा. मनोहरचं इतवारीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याचा धंदा ऐकण्याचा. गिऱ्हाइकानं रेडिओ टेबलावर ठेवून बटण फिरवलं की हा डोळे मिटून नुसती खरखर ऐकायचा आणि कोणता पार्ट गेला ते सांगायचा. उघडून पाहिलं की तोच निघे. आमच्या दुकानातला ट्रान्झिस्टर घेऊन मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो दुरुस्त होईपर्यंत मी बोलत होतो आणि तो ऐकत होता. कामाची ही वाटणी पुढे पन्नास वर्षं बदलली नाही. माझ्या घरचे म्हणत, गजाननचं बोलणं संपेपर्यंत बसणारा माणूस सगळ्या नागपुरात एकच आहे. खोटं नाही ते.

अशा माणसाचे कान गेले. आधी कुकरची शिट्टी, दारावरची बेल, मग नातेवाइकांचं बोलणं. कानाचं मशीन घरात थोडंफार चाले, पण गाडीत ते लावलं की इंजिनाच्या घरघरीखेरीज काहीच येत नसे. आणि गाडी हाच खरा प्रश्न होता. त्याची जुनी पांढरी अँबॅसिडर दर शनिवारी कुहीजवळच्या गावात जायची. तिथे त्याची थोरली बहीण शेवंताताई एकटी राहते. ऐंशी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले, बसची पायरी चढवत नाही, आणि नागपूरला चल म्हटलं तर भांडायला उठते. मनोहर तिला पुढच्या सीटवर बसवायचा आणि शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधाच्या कडेकडेनं गाडी हळू हळू न्यायचा. काच खाली करून ताई आपलं धान बघायची, कुणाचं जनावर शिरलंय, कुणी पाणी तोडलंय, सगळ्यांचा उद्धार करायची. आठवडाभर ती त्या एका तासासाठी थांबलेली असे.

एक दिवस मागून ट्रक हॉर्न देत राहिला आणि मनोहरला कळलंच नाही. ट्रक अगदी घासून गेला. मी बाजूला होतो, माझी तर बोबडी वळली होती. घरी आल्यावर प्रज्ञानं किल्ली मागून घेतली. चिडली नाही, रडली. त्यानंही निमूट देऊन टाकली. पण पुढच्या शनिवारी मी गेलो तर हा टेबलावर तळहाताएवढा हिरवा बोर्ड मांडून, जिभेचं टोक दातात धरून, कथलाचे डाग देत बसलेला. म्हटलं काय करून राहिला गा? तर म्हणाला, "संगणक बनवून राहिलो. गाडीचे कान."

सदुसष्टाव्या वर्षी तो हे शिकला. प्रज्ञाची नोकरीच संगणकाची, पण तिला विचारायला त्याला संकोच वाटे, की किल्ली परत मागितल्यासारखं होईल. वहीत लिहून, मोबाइलवर व्हिडिओंच्या खालची अक्षरं वाचून त्यानं ते जमवलं. मागच्या बंपरवर डावी-उजवीकडे दोन माइक, समोर डॅशबोर्डवर दोन लाल दिवे. हॉर्न ज्या बाजूनं वाजेल त्या बाजूचा दिवा लागायचा. सांगायला सोपं आहे. किल्ली फिरवली की स्टार्टर एवढी वीज ओढायचा की संगणक दर वेळी झोपी जायचा. त्याला वेगळी छोटी बॅटरी दिली. मग तो इंजिनाच्या आवाजालाही हॉर्न समजू लागला. ते निस्तरलं तर मे महिना उजाडला आणि नागपूरच्या उन्हात समोरच्या खणात ठेवलेला संगणक तापून आपणहून बंद पडायला लागला.

आता माझ्या पराक्रमाचं सांगतो, कारण मनोहर तो कुणाला सांगायचा नाही. अक्कल मी लावली. म्हटलं, माणसाले कूलर लागते तर मशीनले काहून नाही? कूलरच्या ताटीतला वाळा काढला, खणात पोपटाच्या पिंजऱ्याएवढी ताटी बसवली, बारका पंप, बारका पंखा. पहिल्या दिवशी काय गारवा, काय वास! आम्ही दोघं शहाणे कौतुकानं एकमेकांकडे बघत होतो. आठवड्याभरात ओलाव्यानं बोर्डावर हिरवी बुरशी धरली आणि दोन महिन्यांची मेहनत गेली. आयुष्यभर वीज आणि पाणी लांब ठेवणाऱ्या माणसानं माझं ऐकलं, हेच नवल. मी तोंड पाडून बसलो, तर म्हणाला, "जाऊ दे गा, गाडीले वास तर चांगला येऊन राहिला." नवा बोर्ड त्यानं माझ्या सीटखाली बसवला. त्याला जेवणाच्या डब्याचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण चिकटवलं, तापलं तर उष्णता तिकडे जावी म्हणून.

प्रज्ञानं परीक्षा घेतली. कळमन्याच्या बाजाराला सुटी होती, आवार मोकळं होतं. मनोहर गाडीत, ती मागे स्कूटरवर. ती कधी डावीकडून, कधी उजवीकडून हॉर्न वाजवायची आणि त्यानं त्या बाजूचा हात वर करायचा. मी बाजूला बसून देवाचं नाव घेत होतो. तो बुद्धविहारात जाणारा, म्हणाला, माझ्याही वाटचं घे. एकही चुकला नाही. तरी तिनं अट घातली, की काका शेजारी असतील तरच न्यायची. आणि मला एकीकडे घेऊन विचारलं, "काका, खरं सांगा, तुम्ही शेजारी बसून बोललात तर बाबांना ऐकू येतं ना? तुम्ही थांबा म्हटलंत तर थांबतील ना?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, मी बोललो की तो बघतो माझ्याकडे, हं म्हणतो, हात वर केला की थांबतो. माझ्यापुरते कान शिल्लक आहेत त्याले. तिनं माझ्या शब्दावर किल्ली दिली.

दोन लाल दिव्यांच्या मधे त्यानं पुढे एक पिवळा दिवा बसवला. हा कशाचा, विचारलं तर बोटानं बॉनेट दाखवलं, म्हणजे इंजिनाच्या गरमीचा. आता कुहीपर्यंत जाताना तो दिवा सारखा लागलेला. एकदा मला राहवलं नाही. हात वर करून गाडी थांबवायला लावली, बॉनेटकडे बोट करून म्हटलं इंजिन लय गरम होऊन राहिलं, पाणी टाक. त्यानं मुकाट्यानं उतरून पाणी टाकलं. काळजीनं मी पुढचे दोन मैल अक्षर बोललो नाही, तर दिवाही लागला नाही. म्हटलं पाहा, माझं ऐकलं की कसं थंड होते. तेवढ्यात पुन्हा लागला. मनोहर असा हसला, असा हसला, की गाडी बाजूला घेऊन डोळे पुसावे लागले. त्याला काय झालं ते मला कळेना, पण मीही हसलो.

दोन वर्षं असे शनिवार गेले. मी बोलायचो, तो मान वळवून हं म्हणायचा.

मागच्या रविवारी प्रज्ञानं बोलावलं. गाडी विकायची नाही म्हणाली, शेवंताताईकडे आता शनिवारी ती जाणार, मी सोबत आहेच. संगणक नीट समजून घ्यावा म्हणून तिनं त्यातलं सगळं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं. मनोहरनं त्यात जागोजागी मराठीत टिपणं लिहून ठेवली होती. डावा माइक, उजवा माइक, ट्रकचा हॉर्न, बसचा हॉर्न. वाचता वाचता ती थांबली. माझ्या सीटच्या वर, ऊन अडवायच्या फळीमागे तिसरा माइक आहे, हे मला तेव्हा कळलं. मग तिनं टिपण मोठ्यानं वाचलं, "पिवळा दिवा. गजू बोलून राहिला. त्याच्याकडे पाहणे."

शेवटचं वर्ष त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, त्यानं लपवलेला डॉक्टरांचा कागदही निघाला. म्हणजे मी प्रज्ञाला छातीवर हात ठेवून सांगितलं ते पुढे खोटं झालं होतं. तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "तुमच्याकडे बघत होते ना काका? थांबा म्हटलं की थांबत होते ना?" मला आधी राग आला. लेकाच्यानं फसवलं, आणि वर हसला. मग मी उठून गाडीत जाऊन बसलो, माझ्या जागेवर. अजून वाळ्याचा वास येतो. प्रज्ञानं खिडकीतून हात घालून किल्ली अर्धी फिरवली आणि ती आत निघून गेली.

म्हटलं, "मनोहर, सांगितलं काहून नाही गा?"

पिवळा दिवा लागला. मी थांबलो तसा विझला.

मग मी थांबलो नाही. ताईशी फोनवर बोललो होतो, तिचं धान लोंबीवर आलं ते सांगितलं, तिनं पाणी तोडणाऱ्याला काय काय शिव्या घातल्या त्या सांगितल्या, कळमन्यात संत्र्याचा भाव, माझा गुडघा, त्या सकाळी प्रज्ञाला कुहीचं विचारलं तेही सांगितलं. प्रज्ञा दोनदा दारात येऊन बघून गेली. बॅटरी उतरेल, असं काही ती म्हणाली नाही.