पुलापलीकडचं पिस्तूल

आर्लीन ट्विग राहायची वेस्ट व्हर्जिनियात, पण तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेरीलँड दिसायचं. मधे पोटोमॅक नदी, आणि तिथे ती इतकी अरुंद की पलीकडच्या अंगणात कुणी कुत्र्यावर ओरडलं तर इकडचं कुत्रं कान पाडायचं. रविवारी सकाळी आर्लीन अलीकडच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. घरी येऊन चार घास खाई, मग जुन्या गाडीने पूल ओलांडून पलीकडच्या चर्चमध्ये गाणं शिकणाऱ्या मुलांना साथ करी. स्तोत्रं दोन्हीकडे तीच. तिची तपकिरी पर्सही दोन्हीकडे तीच, ऑर्गनच्या बाकावर तिच्या डाव्या हाताशी.

त्या पर्समध्ये चष्मा, रुमाल, पेपरमिंटच्या गोळ्या आणि नवऱ्याचं छोटं रिव्हॉल्व्हर असे.

क्लेटन, तिचा नवरा, रेल्वेच्या यार्डात होता. हृदयाच्या ऑपरेशनला निघताना त्याने ते स्वतःच्या हाताने तिच्या पर्समध्ये ठेवलं होतं. "मी येईपर्यंत जवळ असू दे. तयार आहे. वेळ आलीच तर चाप ओढायचा, बाकी काही बघायचं नाही." तो परत आला नाही. आर्लीनने ते कधी बाहेर काढलं नाही आणि पर्स रिकामीही केली नाही. रुमाल काढताना त्याला हात लागला की ती घाईने दुसरं काहीतरी शोधू लागे. भीती वाटायची, आणि ते नसलं तर जास्त भीती वाटेल असंही वाटायचं.

नदीच्या अलीकडे कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिथे मोठ्या माणसाला लपवून हत्यार बाळगायला परवाना लागत नाही. तिचा धाकटा भाऊ वेंडल तर म्हणायचा, "घटनेनं दिलेला हक्क आहे आर्ली. परवाना लागतो मासे धरायला. आपण काय मासे धरायला निघालोय?"

मग एका रविवारी पूल उतरल्यावर मागच्या पोलीस गाडीचे दिवे लागले. आर्लीनच्या गाडीचा मागचा एक दिवा गेला होता. पोलीस तरुण होता, अदबीने बोलत होता. कागद काढायला तिने पर्स उघडली आणि हत्यार जवळ असलं तर पोलिसाला आधी सांगावं, हे क्लेटनचं जुनं वाक्य आठवून सांगून टाकलं, "साहेब, यात पिस्तूल आहे हं."

त्याचा चेहराच बदलला. "मॅडम, हात स्टिअरिंगवर ठेवा. मेरीलँडचा परवाना आहे का?"

"मी तर समोर राहते," आर्लीन म्हणाली आणि तिने मानेनेच नदीकडे खूण केली.

ते खरंच होतं, पण उत्तर नव्हतं. पोलिसाने पर्स गाडीच्या टपावर ठेवली, रिव्हॉल्व्हर काढलं, त्याचं गोळ्यांचं चक्र बाजूला करून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "रिकामं आहे," तो म्हणाला. "एकही गोळी नाही."

"नसेल कशी? तयार आहे ते."

"नाही, मॅडम. रिकामं आहे."

रिकामं असलं तरी पलीकडच्या कायद्याला चालत नव्हतं. तिला ठाण्यावर नेलं, बोटांचे ठसे घेतले, आणि संध्याकाळी वेंडल तिला घ्यायला आला. वाटेत तो पोलिसांवर, मेरीलँडवर, सगळ्यांवर तोंडसुख घेत होता. मग तिला हसवायला म्हणाला, "पिस्तुलात नाही पण पर्समध्ये गोळ्या होत्या ना, पेपरमिंटच्या! त्याचाही गुन्हा लावतील बघ." आर्लीन हसली नाही. अटक तिला कळत होती. रिकामं कळत नव्हतं.

न्यायालयाकडून तिला मिळालेल्या वकीलबाई, ब्रिजेट फेझनबेकर, शांत स्वभावाच्या होत्या. आर्लीनने त्यांना विचारलं, राज्यघटना दोन्ही काठांवर एकच ना? मग हक्क पुलाच्या मधोमध संपतो कसा?

"हक्क संपत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "हक्क दोन्हीकडे आहे. तो कसा वापरायचा याचे नियम मात्र ज्याचे त्याचे. आणि ते नियम किती कडक असावेत यावर देशातले मोठमोठे न्यायाधीश अजून भांडतायत."

"त्यांचंच ठरलेलं नाही, तर मला कसं कळावं?"

"तुम्हाला कळावं अशी कायद्याची अपेक्षा आहे खरी," असं म्हणून वकीलबाईंनी खांदे उडवले. शिक्षा कैदेपर्यंत जाऊ शकली असती. पण वय, स्वच्छ इतिहास आणि तिने स्वतःहून सांगितलं हे सगळं पाहून सरकारी वकिलाने खटला बासनात बांधून ठेवायचं कबूल केलं. रिव्हॉल्व्हर जप्त झालं, आणि काही दिवस वृद्धाश्रमात पियानो वाजवायचा असं ठरलं. आर्लीनने विचारलं, म्हणजे मी दोषी की निर्दोष? दोन्ही नाही, वकीलबाई म्हणाल्या, घरी जा.

घरी तिला झोप लागेना. क्लेटन जाण्याआधीचा एक हिवाळा आठवत राहिला. तेव्हा तिचं मन असं खचलं होतं की ती दिवस दिवस पलंगावरून उठत नसे, केसांना फणी लावत नसे. क्लेटनने कामाच्या पाळ्या बदलून घेतल्या होत्या. ती न्हाणीघरात जास्त वेळ राहिली की तो दाराबाहेर उभं राहून उगीच हवामानाबद्दल बोलायचा. पुढे ती सावरली आणि त्या हिवाळ्याचा विषय दोघांनीही काढला नाही. गोळ्या त्यानेच काढल्या असणार. मग पिस्तूल दिलं कशाला? धीर यावा म्हणून? की त्याचा तिच्यावर भरवसाच नव्हता? आणि खरंच कुणी दारात येऊन उभं राहिलं असतं तर? तिला कधी त्याचा राग येई, कधी तो हवासा वाटे, आणि दोन्ही एक कप कॉफी पिऊन होईपर्यंत.

पलीकडच्या पाद्रींनी फोन करून थोडे दिवस विश्रांती घ्या असं सुचवलं. दुकानात डॅनिएल भेटली. तिची मुलगी गाणाऱ्या मुलांत होती. डॅनिएल नजर चुकवून गेली नाही. "तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण माझी पोरगी त्या बाकाला टेकून उभी राहते हो."

ते रिकामं होतं, असं आर्लीनच्या ओठांवर आलं होतं. रिकामं होतं हे तिला आज माहीत होतं. त्या बाकावर बसताना ती ते भरलेलंच समजत होती.

नदीच्या अलीकडे उलटाच प्रकार. वेंडल आणि त्याच्या हत्यारहक्कवाल्या मंडळाने अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तिचा सत्कार ठेवला. बकव्हीटच्या पिठाच्या, धिरड्यांसारख्या पोळ्या आणि सॉसेज असा बेत होता. भिंतीवर घटनेतलं हत्यार बाळगण्याच्या हक्काचं वाक्य मोठ्या अक्षरांत लावलं होतं. भाषणांत तिला शूर म्हटलं गेलं. मग वेंडलने एक नवंकोरं पिस्तूल खोक्यासकट तिच्यापुढे ठेवलं आणि चार शब्द बोल म्हणाला.

आर्लीन उभी राहिली. तिला दोनशे स्तोत्रं पाठ होती, भाषण एकही नव्हतं.

"मी शूर-बिर काही नाही," ती म्हणाली. "दिवा गेलाय हे मला ठाऊक नव्हतं. पिस्तूल रिकामं आहे हेही ठाऊक नव्हतं. हक्क माझाच आहे, वेंडल म्हणतो ते मला पटतं. त्या पोरीच्या आईचंही पटतं. क्लेटनने गोळ्या का काढल्या ते मात्र मला सांगा कुणीतरी."

वेंडलने घाईघाईने टाळ्या वाजवल्या, तेव्हा बाकीच्यांनी वाजवल्या.

लोक पांगल्यावर एमरी लाफ तिच्याजवळ येऊन बसला. क्लेटनबरोबर यार्डात काम केलेला, मंडळाचा सगळ्यात जुना सभासद. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "मीही गोळ्या काढल्या होत्या एकदा. बायकोसाठी, आमची मार्था खचली होती तेव्हा. क्लेटनला मी ते सांगितलं होतं."

"मार्थाला कळलं?"

"कळलं. अख्खा उन्हाळा बोलली नाही माझ्याशी."

"तुम्ही बरोबर केलंत असं वाटतं?"

"अजून नाही सांगता येत. माणसाचं हत्यार काढून घेऊ नये असं मी जन्मभर म्हणत आलो, आणि घरात तेच केलं." त्याने टोपी डोक्यावर घातली. "पण अबोला धरायला का होईना, ती होती."

नवं पिस्तूल आर्लीनने घेतलं नाही आणि परतही केलं नाही. ते वेंडलच्या कपाटात आहे आणि दर सणाला तो विचारतो, नेतेस का? बघू, ती म्हणते. ईस्टरच्या आधी पलीकडच्या पाद्रींचा पुन्हा फोन आला, कारण मुलांना तिच्याशिवाय सूर सापडेना. डॅनिएलची मुलगी आता बाकापासून थोडी दूर, खिडकीजवळ उभी राहते. तिकडून तिचा आवाज जरा कमी ऐकू येतो, म्हणून आर्लीन ऑर्गन हळू वाजवते.