बारावं नाव

मुलीच्या सॉकर टीमचा फोटो आज शाळेतून आला. खालची नावं मी चेहऱ्यांशी जुळवून मोजली. ही सवय मला अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये लागली.

नव्वदच्या दशकात तिथे आमच्या खालच्या मजल्यावर केलर आजोबा राहायचे. जर्मनीतल्या त्यांच्या गावचा फुटबॉल क्लब आपला इतिहास छापणार होता आणि महायुद्धाआधीच्या जुन्या संघातले ते एकटेच उरले होते. त्यांची नजर अधू होती आणि मला व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, म्हणून त्यांचा मजकूर मी टाइप करायची. जर्मन येत नसल्याने एकेक अक्षर बघून. बाम आणि शिळ्या कॉफीच्या वासात बसून ते चिडवायचे, "तुमचं क्रिकेट पाच दिवस चालतं, मग तुला घाई कसली?"

शेवटी संघाचा फोटो होता. माणसं अकरा, खाली नावं बारा. म्हाताऱ्याची चूक समजून मी शेवटचं नाव गाळलं आणि पाकीट पोस्टात टाकलं.

पुस्तिका आली तेव्हा ते भिंग घेऊन बसले.

"मॅक्स कुठाय?"

"फोटोत अकराच जण आहेत, मिस्टर केलर."

"मॅक्स आमचा गोलकीपर. ज्यू होता, म्हणून फोटोच्या आधी त्याला क्लबमधून काढलं. पुढे त्याला कोणी पाहिलं नाही. मजकुरात लिहिलं असतं तर क्लबवाल्यांनी कापलं असतं, म्हणून मी त्याचं नाव गुपचूप यादीत घातलं होतं."

मी सॉरी म्हणाले. त्यांनी पुस्तिका मिटली.

"तेव्हा त्यांनीही अकराच मोजले होते," ते म्हणाले.