मागच्या चाकातलं खोबरेल

सौदीत होतो म्हटलं की लोक हमखास विचारतात, "ऊन कसं काय सोसलंत?" डोकं फिरतं माझं. मी उत्तरेला, अरारला होतो. तिथे जानेवारीत सायकलच्या सीटवर बर्फाचा पापुद्रा धरायचा आणि तो मी डब्याच्या झाकणाने खरवडायचो.

एसी दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. खोलीपासून दुकान सात किलोमीटर. दुकानाची गाडी आठला यायची, पण मी सायकलनेच जायचो. स्वेटरच्या आत वर्तमानपत्र, मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या, तोंडाला मफलर. मोकळा रस्ता, चाकाखाली कुरकुर मोडणारा बर्फ, नाक बधिर. मजा यायची, खोटं कशाला बोलू? दिवसातला तेवढाच अर्धा तास माझा होता, बाकीचा कफीलचा.

कफील म्हणजे आमचा मालक. त्याच्या सहीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. सुट्टी मिळायची ती थंडीतच, कारण मार्च लागला की एसीची कामं सुरू. त्या वर्षी तो मित्रांबरोबर महिनाभर वाळवंटात तंबू ठोकायला निघाला होता. "उद्या सातच्या आत ये, सही करतो," म्हणाला. मी तिकडे गेल्यावर मला मुलगी झाली होती. ती दहा महिन्यांची झाली, तरी मी तिला पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी खोलीतल्या चाचांनी माझी सायकल पुसून आत आणून ठेवली. चाचा दापोलीकडचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, कित्येक वर्षं घरी न गेलेले. म्हणाले, "उद्या तुझा मोठा काम हाय ना? मागच्या चाकात तेल सोडलाय, हीटरवर पातळ करून. घरचा खोबरेल हाय." मीही शुंभासारखा हसलो. कोकणात जन्म गेला आमचा. केसांपासून कुलपापर्यंत सगळ्याला खोबरेल. थंडीत ते थिजतं हे बाटलीत रोज दिसत होतं, तरी दोघांच्याही टाळक्यात शिरलं नाही.

सकाळी सायकल उबेतून निघाली, म्हणून दोन किलोमीटर बरी चालली. मग पॅडल रिकामंच फिरायला लागलं. चेन फिरतेय, चाक ढिम्म. आत तेलाचं मेण झालं होतं, चाकाला पकडणारे दाते त्यात चिकटून बसले होते. शिव्या घातल्या, लाथ मारली, अंगठा ठेचला. शेवटी सायकल तिथेच टाकून पळत सुटलो.

दुकानात पोचलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. शटर उघडणारा म्हणाला, "अभी निकले. खलास." दहा मिनिटं थांबला नाही तो! महिनाभर शेकोटीपाशी लोळायला वेळ होता, सहीला नव्हता.

खोलीवर येऊन मी चाचांवर तुटून पडलो. नाही नाही ते बोललो. "स्वतःचं घर विसरलात, माझंही बुडवलंत," असंसुद्धा. ते नुसतं म्हणाले, "चुकला रे माझा." त्याचा मला आणखीनच संताप आला.

कफील परतला तेव्हा मार्च उजाडला होता. "उन्हाळ्यानंतर बघू. यल्ला, कामाला लाग."

नोव्हेंबरात घरी पोचलो. मुलगी दारात उभी होती. मी हात पुढे केले. ती बायकोच्या मागे लपली आणि तिथूनच मला म्हणाली, "जा."