बाल्कनीच्या दाराची पट्टी

बाल्कनीच्या सरकत्या दाराची खालची प्लास्टिकची पट्टी तुटून वर आली होती. आईचा वॉकर तिच्यात अडकायचा, म्हणून मी तिला बजावलं, की नवी पट्टी बसेपर्यंत बाहेर जायचं नाही. ती हिवाळाभर काचेआडूनच ऊन बघत राहिली. मी शेजारी वाचत बसलेला असे.

आई गेल्यावर, तेराव्याला येणारे पाहुणे अडखळू नयेत म्हणून मी दिलसुखनगरहून मिस्त्री बोलावला. त्याने जुनी पट्टी उपटली, नवी मापाने कापून चिकटवली आणि दोन स्क्रू पिळले. दहा मिनिटंही लागली नाहीत.

“इत्ताच काम था साब. पहले बोलना था ना,” तो म्हणाला.

“वेळच मिळाला नाही,” मी म्हणालो. निवृत्त होऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती.