तुंगाची साठी

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. वाणीअक्का फोनवर म्हणाली, "लिही गं हरिता, आमच्यात मराठी अक्षरं येतात ती तुला एकटीला." म्हणून बसलेय. चुका असतील, असू देत, थांबले तर परत पुसीन.

रघोजीमामा माझे सख्खे मामा नव्हेत. तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमच्या समोरचं दार त्यांचं. कालव्याच्या ऑफिसात होते. चौतीस वर्षं रोज सायकलवरून जायचं, पाण्यातल्या पट्टीवर किती फूट पाणी ते बघायचं, लिहायचं, परत यायचं. रिटायर झाल्यावरही जायचे. नुसते बघायला.

त्यांचा भाचा चेतन एकदा बेंगळूरहून एक खेळ घेऊन आला. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, काय घडतं ते फाशांनी ठरवायचं. चेतन दोन दिवसांत कंटाळून गेला, फासे इथेच राहिले. मामांना मात्र एक गोष्ट पटेना. "वीस वर्षं लढतात, डोंगर चढतात, आणि एकाचाही केस पिकत नाही? काय खातात हे?"

मग त्यांनी खेळ आपल्या हिशोबाने केला. राक्षस काढून टाकले, कालवा आणला. महिन्यातला दुसरा रविवार, एक बैठक, एक वर्ष. खेळायला गल्लीतले आम्हीच, मी, वाणीअक्का, शेषाद्री. बैठक सुरू होताना मामा म्हणायचे, "पाणी सोडलं," की गोष्टीतल्या सगळ्यांचं वय एकाने वाढायचं. खेळाच्या वहीत मराठीच लिहायचे, पण तमिळ अक्षरांत, आमच्याकडे सगळे तसंच लिहितात. कामाक्षीमामींनी शिवणाच्या डब्यातून सोंगट्यांसाठी बटणं दिली. माझं लाल. गोष्टीतल्या माझ्या बाईचं नाव तुंगा, वय सोळा, कारण मीही सोळाची होते.

आला नाहीत तरी वर्ष जाणार, हा मामांचा नियम. वाणीअक्का बाळंत होत होती त्या रविवारीसुद्धा पाणी सोडलं. खेळातल्या तिच्या माणसाला साप चावला आणि तो मेला. अक्का बाळ घेऊन भांडायला आली. "मामा, मी तिकडे कळा देत होते आणि तुम्ही इकडे साप सोडलात?"

"मी नाही सोडला. फाशाने सोडला. कापी घे," म्हणत मामांनी कॉफीचा पेला पुढे केला.

मी कॉलेजला त्रिचीला गेले तेव्हा तुंगा बत्तीसची होती. आधी यायचे, मग एक महिना आड, मग मेसेज नुसते. गैरहजर माणसाचं वर्ष मामा फासे टाकून ठरवायचे आणि व्हॉट्सॅपवर कळवायचे. "तुंगा चव्वेचाळीस. चष्मा लागला." "तुंगा एक्कावन्न. डावा गुडघा." मी हसण्याचा इमोजी पाठवायचे. गुडघ्याला पण तोच पाठवला.

मधे कामाक्षीमामी गेल्या. मामांच्या साठीला चार महिने होते. आमच्यात साठी म्हणजे नवराबायकोला शेजारी बसवून सगळ्यांनी डोक्यावर कलशाचं पाणी घालायचं, एकट्याची करत नाहीत. साठीच्या दिवशी मामा कालव्यावर गेले, पाणी बघून आले, जेवले. त्याच महिन्यात वहीत नवा नियम लिहिला. खेळात कुणी साठ गाठली तर त्याची साठी टेबलावर करायची. बटण ताटलीत ठेवून सगळ्यांनी चमच्याने पाणी घालायचं, पायसम, म्हणजे आमची खीर, करायचं. जोडीदार नसला तरी चालेल. आणि ज्याची साठी तो समोर हवा.

बाकीच्यांची माणसं मधेच मरून नवी आली होती, साठपर्यंत पोचणारी पहिली माझी तुंगा. ऑक्टोबरचा दुसरा रविवार. मामांनी महिनाभर आधी फोन केला, मी येते म्हटलं. आदल्या दिवशी कळवलं, कॉलेजात फेस्ट आहे, स्टॉल माझ्याकडे आहे.

"बरं," मामा म्हणाले. "मग वर्ष थांबवतो."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. जो माणूस बाळंतपणाला थांबला नाही तो थांबतो म्हणाला, आणि मी "थँक्स मामा" म्हणून फोन ठेवला. नोव्हेंबरात परीक्षा होती, खरंच होती. डिसेंबरात मैत्रिणी कोडैकानलला चालल्या होत्या. मी मामांना प्रॅक्टिकल आहे म्हणून सांगितलं.

"नीट कर प्रॅक्टिकल," म्हणाले. "तुंगा काय, एकोणसाठचीच आहे. पळत नाही कुठे."

आणि मी संध्याकाळी स्टेटसला डोंगराचे फोटो टाकले. लपवायचं सुचलंसुद्धा नाही.

जानेवारीत, दुसरा रविवार यायच्या आधीच, मामा कालव्यावर सायकल लावून कट्ट्यावर बसले आणि उठलेच नाहीत. त्रिची ते तंजावूर बसने एक तास लागतो. तो तास मी कसा काढला ते नाही लिहीत.

दहाव्याला वाणीअक्काने वही हातात दिली. "तुझी पानं बघ," म्हणाली. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं.

ऑक्टोबर: तुंगा एकोणसाठ. पाणी सोडलं नाही.

नोव्हेंबर: तुंगा एकोणसाठ. पाणी सोडलं नाही. शेषाद्री कुरकुरतो, कुरकुरू दे.

डिसेंबर: तुंगा एकोणसाठ. डोंगरावर गेली आहे. तिकडे थंडी फार. गुडघ्याला त्रास होईल. शाल नेली असावी.

फोटो त्यांनी पाहिले होते. खोटं कळलं होतं. त्याबद्दल अक्षर नाही. फक्त शाल.

"दर वेळी पायसमचं दूध आणून ठेवायचे," अक्का म्हणाली. "मी म्हटलं, मामा, ती नाही यायची, नियम मोडा, आपण करून टाकू. तर म्हणाले, समोर नसलेल्याच्या डोक्यावर पाणी कसं घालू?"

मग म्हणाली, "आज करू या? तू आहेस, मी आहे, शेषाद्रीला बोलावते."

मी बटण हातात घेतलं. तिने ताटली पण आणली. नाही झालं माझ्याने. पाणी सोडलं म्हणणारं माणूसच नाही, मग साठ कशी लागणार. बटण परत डब्यात ठेवलं. तुंगा एकोणसाठची आहे, आता तशीच राहील.

तुमच्यासाठी कुणी असं काही थांबवून धरलं असेल. जेवण, सहल, एखादा खेळ. ते फोनवर "बरं" म्हणतील, तुम्हाला वाटेल चाललं. चालत नसतं. या रविवारी जा त्यांच्याकडे. फेस्ट असलं तरी जा.