करारनामा दाखवा, शिधा घ्या

भुकेल्याला अन्न देणं हा माणसाचा सर्वांत जुना धर्म आहे. मोशीतल्या आमच्या मंदिर समितीनं तो पाळायचं ठरवलं तेव्हा आधी ठराव झाला, मग बॅनर, मग बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावर दोन बैठका.

चाकणच्या कारखान्यांनी कंत्राटी कामगार घरी बसवले होते. त्यांना महिन्याचा शिधा द्यायचा होता. नियम करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कंपनीच्या कामगार खात्यातून निवृत्त झालेला, शिवाय वाचणारा. जुन्या इंग्लंडात प्रत्येक चर्च फक्त आपल्या हद्दीतल्या बेकारांना पोसायचं आणि बाहेरच्याला त्याच्या गावी धाडायचं, हे मी बैठकीत रंगवून सांगितलं. सांगितलं थट्टेनं. अध्यक्षांना ते पटलं.

"व्हय, आपल्या गावात राहत्यात त्यांनाच. पण पुरावा पायजे."

पुरावा म्हणून मी भाडेकरार सुचवला. इथले खोलीमालक करार करून देत नाहीत आणि निम्मी समिती खोलीमालकांची आहे, हे मला माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

पहिल्याच सकाळी हिंगोलीकडचा एक वेल्डर आला. सहा वर्षं अध्यक्षांच्याच खोलीत राहत होता.

"साहेब, करार कुठला आणू? मालक तुमच्या बाजूलाच बसलेत, विचारा त्यान्ला."

"खोली माझीच हाय, मी कुठं न्हाई म्हणतो?" अध्यक्ष म्हणाले. "पण नियम सायबांनी काढलाय, भावा."

वेल्डर माझ्याकडे वळला. "पोरीची दहावी महिन्यावर आलीय. तेवढा महिना निघाला तर बघा. नाहीतर समद्यांनाच गावी न्यावं लागतंय."

नियम माझा होता. एका ओळीत मोडता आला असता. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "लेखी लागेल."

"बरं," तो म्हणाला. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

आठवड्याभरात खोली रिकामी झाली. पोरगी परीक्षेला बसली की नाही, हे अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

नियमात बसणारा एकही माणूस निघाला नाही. डाळ-तांदळाला किडे लागतील म्हणून हनुमान जयंतीला सगळ्याची खिचडी केली. पहिली पंगत समितीची होती. मी दोनदा वाढून घेतली.