गिरणीवाल्याचा कान

आधी चहा घ्या, कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला शहाणा समजायचं सोडून देणार आहात. माणूस स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या घराची वाट कशी लावतो, ते मी यंदा करून दाखवलं. आणि निमित्त काय? कान!

अनसिंगला माझी पिठाची गिरणी आहे. बायको, म्हणजे सुमन, मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. तीन महिन्यांचं ठरलं होतं. "तीन महिने म्हणजे काय, असे जातात," असं तिला मोठ्या तोऱ्यात सांगून मी गाडीत बसवलं. पहिल्याच आठवड्यात कळलं कसे जातात ते. भाजी करपली तरी रागवायला कोणी नाही. गिरणी बंद केली की घर नुसतं अंगावर येतं. संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा, आणि दिवसभरात तेवढंच काय ते माझं असायचं.

आणि नेमका तिचा आवाजच बारीक होत गेला. आधी वाटलं, थकली असेल. मग वाटलं, नेटवर्क. पुढं पुढं तर ती विहिरीच्या तळातून बोलते आहे असं वाटायला लागलं. स्पीकर लावावा तर भिंतीला भिंत लागून कमलबाईचं घर. आमचं बोलणं दुसऱ्या दिवशी दळणाच्या रांगेत मलाच ऐकायला मिळालं असतं.

तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं ना, ऐकू येत नाही म्हणून? एकदा सांगितलं. तर "उद्या बोलू मंग" एवढं ओरडून तिनं फोनच ठेवला. चोवीस तास वाट पाहून हाती काय आलं? उद्या!

तेव्हापासून मी धंद्यातली युक्ती काढली. चक्की सुरू असली की गिरणीवाल्याला कोणाचंच काही ऐकू येत नाही. गिऱ्हाईक तोंड हलवतं, आपण मान हलवून "हो हो" म्हणायचं. वीस वर्षं माझं यावर निभावलं आहे. तसंच सुमनच्या आवाजाचा चढउतार पाहून मी अधूनमधून "हो", "बरं", "तुले पटते तसं कर" असं टाकायचो. ती बोलत राहायची. मला तेवढंच हवं होतं.

पण कानाचं काय? मी ठरवून टाकलं, वीस वर्षांचं पीठ आत जाऊन बसलं असणार. एका दुपारी आरशाजवळ सुमनचा केसांचा आकडा दिसला. तो पाहून आधी जीव हळहळला, मग अक्कल चालली. आकडा सरळ केला आणि घातला कानात. काय बरं वाटलं म्हणता! तेवढ्यात दारातून कमलबाईनं हाक मारली, "भाऊ, गहू आनले." मी मान वळवली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. आकड्याच्या टोकाला रक्त.

"कायले कोरत बसले कान?" कमलबाई म्हणाली. "थांबा, लसून घालून तेल कढवून आनतो. आमच्या घरी तेच टाकतात."

तेल पडलं आणि मी अंगणात तीन चकरा मारल्या. वरून बोळा कोंबला तो दोन दिवस काढला नाही. संध्याकाळी फोन दुसऱ्या कानाला लावला, तर तिथंही आवाज तसाच बारीक. माणसानं यावरून काय समजायचं? मी समजलो, दोन्ही कान गेले. कमलबाईचं सगळं ऐकू येत होतं, पण तिचा आवाज तर ठार बहिऱ्यालाही ऐकू येईल.

मग मात्र मी घाबरलो. सुमन परत येईल, समोर बसून बोलेल, आणि मला ऐकू येणार नाही? तिसऱ्या दिवशी गिरणी बंद करून वाशीम गाठलं.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बॅटरीनं आत पाहून म्हणाल्या, "पडदा शाबूत आहे, नशीब तुमचं. नळीला ओरखडा आहे आणि सूज. मी देते तेच थेंब टाकायचे. आत पाणी जाऊ द्यायचं नाही. आंघोळीपुरता कापूस, व्हॅसलीन लावून, बाहेरच ठेवायचा आणि लगेच काढायचा. तेल नाही, काडी नाही, आकडा तर नाहीच. मळ आपला आपण बाहेर येतो, टॉवेलनं बाहेरून पुसलं की झालं. दुखणं वाढलं, पू आला, चक्कर आली तर तडक या."

"पन म्याडम, मले ऐकू येईन का?"

"काका, मी किती हळू बोलते आहे. सगळं ऐकताय की."

"मंग बायकोचंच काहून ऐकू येत नाही फोनवर?"

त्यांनी हात पुढे केला. "फोन दाखवा." आणि तीच बॅटरी त्यांनी फोनच्या बारीक भोकांवर धरली. "काका, मळ इथं आहे."

भोकांत पीठ ठासून बसलं होतं. स्टँडजवळच्या मोबाईलवाल्यानं कोरड्या ब्रशनं साफ केलं, आणि मी तिथंच बाकावर बसून पुण्याला फोन लावला.

"काय झालं हो? या टायमाले कसा काय फोन?"

इतकी जवळ. शेजारी बसल्यासारखी. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

"सुमन, लवकर ये आता. शनिवारचं तिकीट आहे ना तुझं?"

"कोनतं तिकीट? ते तर रद्द केलं. पोरीची सुटी सरली, बाळासाठी अजून तीन महिने राहू का, म्हनून चार वेळा इचारलं तुमाले. चारी वेळा तुमी म्हनले, हो, तुले पटते तसं कर."

"मले ऐकू येत नोतं."

"मंग हो काहून म्हनले?"

"तू फोन ठेवशीन म्हून."

 ती हळूच म्हणाली, "येडेच आहा तुमी. माझ्यानंतर बाळाले पाहाले पोरीची सासू येनार होती, तिले पोरीनं येऊ नका म्हनून कळवून बी टाकलं."

आता कान बरा आहे. संध्याकाळी सातला सगळं खणखणीत ऐकू येतं. मागं बाळ रडतं, कुकर शिट्ट्या देतो, आणि सुमन बोलता बोलता जावयासाठी पोळ्या लाटते, त्या लाटण्याचासुद्धा आवाज येतो. अख्ख्या अनसिंगचं पीठ माझ्या गिरणीत, आणि लाटणारी पुण्यात. तेही माझ्याच परवानगीनं, चार वेळा विचारून!